चौदा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सात टक्के

पत्र: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी इयर ९ मध्ये आहे, एका छोट्या खासगी ख्रिस्ती माध्यमिक शाळेत. शाळा आमच्या चर्चच्या मंडळीतलीच काही कुटुंबं चालवतात. इयर ११ मध्ये, म्हणजे शालान्त परीक्षेच्या वर्षात, दरवर्षी बारा-चौदाच मुलं असतात. गणित आणि इंग्रजी दोन्हींत ४ किंवा त्याहून वरची ग्रेड (सर्वांत वरची ९) मिळवणारी मुलं तीन वर्षांपूर्वी ७५ टक्के होती, पुढच्या वर्षी ९३ आणि गेल्या वर्षी ७१. सरकारी तक्त्यात तर शाळेच्या नावापुढे शून्य टक्के आहे! मुलीच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे सलग दोन टर्म 'सध्या ४, लक्ष्य ६' असंच आलंय. मिस्टर म्हणतात, शाळा घसरतेय, सप्टेंबरच्या आत तिला काढू. मुलगी मात्र तिथे रमली आहे, मलाही शाळा आवडते. पण ज्यांच्या शेजारी बसून रविवारी उपासना करतो, त्यांच्याकडे निकालाचा हिशेब कुठल्या तोंडाने मागायचा?
— एक आई

उत्तर: ताई, आधी या टक्क्यांची मोड करून घेऊ. बारांपैकी नऊ म्हणजे ७५ टक्के, चौदांपैकी तेरा म्हणजे ९३ आणि चौदांपैकी दहा म्हणजे ७१. तुमच्या घरात ज्या घसरणीवरून वाद चालला आहे ती तीन मुलांची आहे. एकाची परीक्षेच्या आठवड्यात तब्येत बिघडली, दुसरा इयर १० च्या मध्यावर दुसऱ्या शाळेतून आला, तिसरीची इंग्रजीची ग्रेड एका गुणाने ३ वर अडकली, एवढ्यानेही बावीस टक्के जातात.

तिन्ही वर्षं एकत्र केली तर ४० मुलांपैकी ३२, म्हणजे ८० टक्के. आता समजा शाळेची खरी पातळी ८० टक्केच आहे आणि शिक्षक, पुस्तकं, तासिका यांत काडीचाही फरक पडलेला नाही. तरीसुद्धा चौदा मुलांच्या वर्गात यशस्वी मुलांचा आकडा दहापैकी नऊ वर्षं ९ ते १३ यांच्या दरम्यान कुठेही येईल. टक्क्यांत बोलायचं तर ६४ ते ९३. तुमचे ७१ आणि ९३ हे दोन्ही आकडे या पट्ट्यातच बसतात. याच पातळीच्या पण १८० मुलं परीक्षेला बसवणाऱ्या शाळेत हा पट्टा ७५ ते ८५ इतका अरुंद होतो. म्हणून मोठ्या शाळेचा निकाल वर्षानुवर्षं एका जागी स्थिर दिसतो आणि छोटीचा उड्या मारतो. कुठल्याही गुणवत्ता यादीच्या शेंड्यावर छोट्या शाळा दिसतात तशाच बुडाशीही दिसतात, त्या याच कारणाने.

पण हे एकीकडेच वापरू नका. घसरण सिद्ध होत नाही याचा अर्थ शाळा उत्तम आहे असा होत नाही. ९३ टक्क्यांच्या वर्षी मंडळीत पेढे वाटले गेले असतील, तर तेही इतक्याच कच्च्या पायावर होते. चाळीस मुलांचा एकत्रित आकडासुद्धा दहा-बारा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. गणित आणि इंग्रजी दोन्हींत ४ मिळवणारी मुलं इंग्लंडच्या सरकारी शाळांमध्ये साधारण ६५ टक्के असतात. त्यापुढे ८० चांगलेच दिसतात, पण मुलं कुठून निघाली होती हे कळल्याशिवाय ती तुलना पुरी होत नाही. त्याकडे येतेच.

आधी ते शून्य. त्याचं बहुधा सरळ कारण असतं. इंग्लंडमधल्या पुष्कळ खासगी शाळा गणित आणि इंग्रजीसाठी जीसीएसई या नेहमीच्या शालान्त परीक्षेऐवजी तिच्या आंतरराष्ट्रीय रूपाला, आयजीसीएसईला, मुलं बसवतात. सरकारी तक्त्यात आयजीसीएसई धरलीच जात नाही. त्यामुळे सगळ्या वर्गाला ९ मिळाले तरी तिथे शून्यच छापून येतं. सोळानंतरच्या शिक्षणाची सिक्स्थ-फॉर्म कॉलेजं ही परीक्षा मानतात, तेव्हा त्यात काळजीचं काही नाही. मात्र दुसरी एक शक्यता आहे आणि ती तुम्ही लेखी विचारून मिटवून टाका. काही छोट्या ख्रिस्ती शाळा ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन ही १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेली पद्धत वापरतात. तिच्यात मूल 'पेस' नावाच्या पुस्तिका आपापल्या गतीने सोडवत जातं आणि शेवटी आयसीसीई नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र म्हणजे जीसीएसई नव्हे. गणित आणि इंग्रजीत ४ नसलेल्या मुलाला इंग्लंडमध्ये सोळानंतरच्या शिक्षणातही हे दोन विषय पुढे चालू ठेवावेच लागतात, म्हणून निदान या दोन विषयांत मान्य परीक्षा होते ना, हे नक्की करा. तुम्ही ज्या ग्रेड सांगताय त्यावरून होत असावी, पण कोणत्या विषयाला कोणती परीक्षा आणि कोणतं बोर्ड, ही यादी हातात हवीच.

आता निघण्याची जागा. सरकारी शाळांसाठी २०१६ पासून प्रोग्रेस ८ नावाचं माप वापरलं जातं. इयर ६ च्या सॅट्समध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या राष्ट्रीय चाचण्यांत, ज्यांना सारखेच गुण होते अशा देशभरातल्या मुलांना इयर ११ मध्ये सरासरी काय मिळालं, आणि या मुलाला काय मिळालं, यातला हा फरक असतो. शाळेचा आकडा +०.५ असेल तर तिथलं मूल दर विषयात सरासरी अर्धी ग्रेड पुढे गेलं. कल्पना चांगली आहे. पण खासगी शाळांसाठी हा आकडा काढत नाहीत. शिवाय कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये सॅट्स झाल्याच नाहीत, त्यामुळे २०२५ आणि २०२६ च्या निकालांसाठी तो सरकारी शाळांनाही नाही. समजा असता, तरी मुलामुलांत दर विषयामागे ढोबळमानाने सव्वा ग्रेडचा फरक पडतोच, म्हणून चौदा मुलांच्या सरासरीला दोन्ही बाजूंना साधारण दोन तृतीयांश ग्रेडची सूट द्यावी लागली असती. एकच मूल आजारपणाने पेपरांना बसू शकलं नाही आणि अपेक्षेच्या पाच ग्रेड खाली गेलं, तर एकट्यामुळे साऱ्या वर्गाची सरासरी ०.३६ ने खाली येते. इतक्या छोट्या वर्गात सरासरी फार काही बोलत नाही. एकेक मूल पाहावं लागतं.

तेच शाळेकडे मागा. खासगी शाळा बहुतेक वेळा प्रवेशाच्या वेळी कॅट किंवा मिडीस यांसारखी मुलाची बौद्धिक क्षमता मोजणारी चाचणी घेतात. कॅटमध्ये सरासरी १०० असते. शाळेने नावं काढून टाकून गेल्या तीन वर्षांतल्या मुलांचा एक साधा तक्ता करावा: इयर ७ मधला कॅटचा गुण, आणि त्याच मुलाच्या गणित, इंग्रजी, विज्ञानातल्या शेवटच्या ग्रेड. चाळीस ओळींचा तक्ता एका कागदावर मावतो. फक्त एक अडचण आहे. इतक्या छोट्या शाळेत नाव नसलं तरी 'तो अमक्याचा मुलगा' हे ओळखू येतं. सरकारी तक्तेसुद्धा पाच किंवा त्याहून कमी मुलांचे आकडे याच कारणाने झाकतात. तेव्हा शाळेने कागद हातात द्यायला नकार दिला तर तो लपवाछपवीचा पुरावा धरू नका. मुख्याध्यापकांसमोर बसून पाहायला मिळेल का, किंवा मुलांचे तीन गट करून सांगाल का, असं विचारा: कॅट ९० च्या खाली सुरुवात केलेली, ९० ते ११० मधली आणि ११० च्या वरची. तुमची मुलगी ज्या गटात बसते, त्या गटातली आधीची मुलं कुठवर पोचली, एवढंच तुम्हाला हवं आहे. ज्या शाळेचे मुख्याध्यापक हे दहा मिनिटांत सांगू शकतात तिथे प्रगतीवर खरोखर नजर आहे. ज्यांना स्वतःलाच ते ठाऊक नाही, तिथे ९३ टक्के लागले तरी मला शंका वाटेल.

आणखी एक आकडा टक्क्यांत कधीच दिसत नाही: इयर १० च्या सुरुवातीला वर्गात किती मुलं होती आणि परीक्षेला किती बसली? सोळा होती आणि बारा बसली असतील, तर बारांचा निकाल ही अर्धीच हकिकत झाली. कुटुंब दुसऱ्या गावी गेलं असेल, किंवा कच्च्या मुलाला 'दुसरीकडे जास्त बरं पडेल' असं सुचवलं गेलं असेल. कारण विचारा. प्रत्येक मूल सरासरी किती विषयांना बसतं तेही विचारा. कमी विषयांत चांगल्या ग्रेड आणणं तुलनेने सोपं असतं.

छोट्या ख्रिस्ती शाळेत दोन विषय मुद्दाम उघडून पाहावेत. पहिला, धर्मशिक्षण. घरचाच विषय, म्हणून तिथे भरघोस ग्रेड येतील असं सगळे गृहीत धरतात. पण पूर्ण जीसीएसईच्या धर्मशिक्षणात दोन धर्म अभ्यासावे लागतात. दुसऱ्या धर्माचा वाटा बोर्डाप्रमाणे पाव ते निम्म्या गुणांपर्यंत जातो. ज्या शाळेत दुसरा धर्म शेवटच्या सहा आठवड्यांत उरकला जातो तिथली बायबल तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा ५ वर अडकतात. दुसरा, विज्ञान. जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आहे आणि तिच्यावर प्रश्न येतात. शाळेची श्रद्धा काहीही असो, तो धडा पेपरात लागतो तितका नीट शिकवला जातो का, हे सरळ विचारा. जीसीएसईत ठरावीक प्रयोग मुलाने स्वतः करायचे असतात, एकत्रित विज्ञानासाठी किमान सोळा आणि वेगवेगळ्या विज्ञानांसाठी प्रत्येकी आठ. किमान १५ टक्के गुण या प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत मुलं हे प्रयोग फळ्यावर पाहतात, आणि पेपरात 'वाचन चुकीचं येण्याचं एक कारण लिहा' असं आलं की त्यांची पेन्सिल थांबते. शाळा स्वतः परीक्षा केंद्र आहे की मुलांना दुसरीकडे नेऊन बसवतात, हेही एका वाक्यात विचारून घ्या.

आता तुमच्या मुलीचं 'सध्या ४'. पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हा आहे, आणि टक्क्यांच्या गोंधळात तोच मागे पडलाय. इयर ९ मध्ये दिलेली जीसीएसईची ग्रेड हा अंदाज असतो. खऱ्या ग्रेडच्या सीमा दर उन्हाळ्यात पेपर तपासून झाल्यावर ठरतात, आणि त्या सगळ्या अभ्यासक्रमाच्या पेपरांवर असतात. दोन धड्यांच्या चाचणीला अशी सीमा नसते. त्यात गणिताला दोन स्तर आहेत. फाउंडेशनमध्ये जास्तीत जास्त ५ मिळतो, हायरमध्ये ९ पर्यंत. एक्यूए, एडेक्सेल यांसारख्या बोर्डांत दोन्हींकडे प्रत्येकी ८० गुणांचे तीन पेपर, एकूण २४०. हायरला ४ ग्रेड साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास गुणांवर मिळते, फाउंडेशनला त्यासाठी निम्म्याहून बरेच जास्त गुण लागतात. 'सध्या ४' कुठल्या पेपरवरचा, हे सांगितल्याशिवाय त्या ४ ला काही अर्थ नाही. लक्ष्य ६ असेल तर तिला हायरच्याच मार्गाला लावायला हवं, कारण फाउंडेशनमधून ६ मिळूच शकत नाही. तिचा गट कोणता आहे आणि तो कधी ठरणार, हा प्रश्न वर्गशिक्षकांना याच आठवड्यात विचारा.

सलग दोन टर्म ४ म्हणजे ती थांबली आहे असंही नाही. अभ्यासक्रम पुढे सरकतो, प्रश्न अवघड होत जातात. त्याच जागी राहायलाही शिकावं लागतं. ती थांबलीये की चाललीये हे तिच्या वहीतून कळेल. एका संध्याकाळी तिच्याबरोबर बसा आणि तपासलेली चाचणी उघडा. समजा प्रश्न आहे: ३(२क्ष − ५) = ४क्ष + ७. मुलीने लिहिलंय ६क्ष − ५ = ४क्ष + ७, मग २क्ष = १२, मग क्ष = ६. उत्तर चुकलं, खरं उत्तर ११. पण चूक एकाच जागी आहे: कंसाबाहेरच्या ३ ने ५ ला गुणायचं राहिलं. पुढची मांडणी बरोबर आहे आणि पद्धतीचा एखादा गुण तिला त्यावर मिळू शकतो. पायऱ्या न दाखवता नुसतंच ६ लिहिलं असतं तर शून्य. आता पुढच्या महिन्यातल्या वहीत कंसाचीच गणितं शोधा. तीच चूक पुन्हा असेल, आणि शिक्षकांनी फक्त फुली मारून पुढे गेलेलं असेल, तर अडचण तिथे आहे. चुकीशेजारी वेगळ्या शाईत तिने स्वतः गणित पुन्हा सोडवलेलं दिसलं आणि पुढे ती चूक परत आली नाही, तर प्रगतिपुस्तकात ४ असला तरी ती पुढे चालली आहे. छोट्या शाळेचा खरा फायदा हाच असायला हवा: चौदा वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला कोणाचा कंस कुठे चुकतो हे माहीत असणं. तेच होत नसेल तर लहान वर्गाचा उपयोग काय?

तिच्या इयर ६ च्या सॅट्सचे गुणही काढून ठेवा. तिथे ८० ते १२० अशी मोजपट्टी असते, १०० म्हणजे अपेक्षित पातळी. १०८ असलेल्या मुलीला ६ चं लक्ष्य ठरवताना शाळेने काय धरलं, आणि ९६ असलेल्या मुलीला तेच लक्ष्य दिलंय का? सगळ्या वर्गाला एकच लक्ष्य छापलेलं आढळलं तर ते लक्ष्य मुलीसाठी ठरवलेलं नाही.

राहिला संकोच. तो मला समजतो, पण तुम्ही उपकार मागत नाही आहात. २०१४ च्या स्वतंत्र शाळा मानक नियमांनुसार इंग्लंडमधल्या प्रत्येक खासगी शाळेने आदल्या वर्षाच्या निकालांचा तपशील पालकांना उपलब्ध करून द्यायचाच असतो, आणि प्रत्येक मुलाच्या मुख्य विषयांतल्या प्रगतीचा लेखी अहवाल वर्षातून एकदा तरी द्यायचा असतो. तपासणी अहवालही सार्वजनिक असतो, तो आधी वाचून जा, म्हणजे त्यात असलेलं विचारावं लागणार नाही. रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी हा विषय काढू नका. तिथे समोरचा माणूस भाऊ म्हणून उत्तर देईल, मुख्याध्यापक म्हणून नाही, आणि दोघांनाही अवघड होईल. आठवड्याच्या मध्ये ईमेल करा, शाळेच्या पत्त्यावर, चारच वाक्यांत: मुलीचे जीसीएसईचे विषय निवडायची वेळ आली आहे, गेल्या तीन वर्षांत किती मुलं इयर १० ला होती, किती बसली, कोणत्या विषयाला कोणती परीक्षा आणि बोर्ड होतं, हे आकड्यांत हवं आहे, टक्क्यांत नको, तिच्यासारख्या सुरुवातीच्या मुलांची प्रगती समजून घ्यायची आहे, वीस मिनिटांची भेट कधी मिळेल? त्यात '७१ टक्के' हा शब्दही येऊ देऊ नका. तो आला की समोरून बचाव सुरू होतो.

मिस्टरांचं एक म्हणणं मात्र रास्त आहे: हलवायचं असेल तर सप्टेंबरच्या आतच. इयर १० ला दोन वर्षांचे अभ्यासक्रम सुरू होतात, आणि बोर्डं वेगळी असतात. इतिहासाचे कालखंड बदलतात, इंग्रजी साहित्यातली पुस्तकं बदलतात. इयर १० च्या मध्यावर शाळा बदललेल्या मुलीला निम्मा इतिहास नव्याने वाचावा लागतो, आणि जुना वाया जातो. म्हणून ईमेल या आठवड्यात जाऊ दे, भेट टर्म संपायच्या आत होऊ दे. बोर्डांची यादी मिळाली, गळतीचं पटेल असं कारण मिळालं, गणिताचा स्तर स्पष्ट झाला आणि वहीत चुका सुधारलेल्या दिसल्या, तर ७१ टक्क्यांसाठी तिला हलवू नका. प्रयोग होत नसतील, किंवा तिला ६ चं लक्ष्य देऊन फाउंडेशनच्या गटात बसवलं असेल आणि शाळा ते बदलायला तयार नसेल, तर ९३ टक्क्यांसाठी थांबू नका.

भेटीला जाताना तपासलेल्या दोन चाचण्या बरोबर घ्या, एक शरद टर्ममधली आणि एक आत्ताची. दोन्हींत कंसाची गणितं कुठे आहेत तिथे आधीच कागदाची खूण घालून ठेवा.